छातीचा भाता आणि देहाचे वजन

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पाली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या कार्यवाहांनी आरोग्यावर बोला असे सांगितले, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही बँकेतले कारकून, शिक्षणाने कलाशाखेचे पदवीधर. आमचा संबंध व्हाउचरांशी आणि खातेवह्यांशी, फुप्फुसांशी नव्हे. परंतु कार्यवाह म्हणाले, "गेल्या साली पाली दरवाजाच्या पायऱ्यांवर तुम्ही अर्धा तास बसून होता, ते साऱ्या गावाने पाहिले. त्याचेच बोला." या युक्तिवादापुढे आमचा इलाज चालला नाही. तेव्हा जे अनुभवले, डॉक्टरांना विचारून जे समजून घेतले आणि नंतर वाचून जे पडताळले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आपली पाली राजगडाच्या पायथ्याशी. गडाला वर जाण्याच्या वाटा अनेक असल्या, तरी पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची आणि रुंद, म्हणून ती सोपी समजली जाते. आमच्या लहानपणी या वाटेने आम्ही पळत जात असू. आजही गावातल्या बायका डोक्यावर ताकाची कळशी घेऊन वर जातात आणि दिवसभर पर्यटकांना ताक विकून संध्याकाळी उतरतात. गेल्या वर्षी मुलांच्या आग्रहाने आम्ही ती वाट धरली. निम्म्या चढावरच छाती भरून आली, तोंडाने श्वास घ्यावा लागला, कानात ठोके ऐकू येऊ लागले. पहिला दरवाजा दिसत होता, पण पाय उचलेना. शेजारून साठीच्या एक मावशी कळशी घेऊन वर गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "बसा दादा, बसा. शहरात दम ऱ्हात न्हाई."

घरी परतल्यावर चर्चा झाली. कोणी म्हणाले दमा असेल, कोणी म्हणाले हृदय तपासा. आमची आई चुलीपुढे बसून हे ऐकत होती. ती भाकरी थापता थापता दोनदा खोकली, तिकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. आमचेही गेले नाही. आईचा खोकला म्हणजे घरातल्या घड्याळाची टिकटिक. ती रोजचीच असल्यामुळे ऐकू येत नाही. ही गोष्ट आताच सांगून ठेवतो, कारण या भाषणाचा खरा विषय तीच आहे.

पुण्यात डॉक्टरांकडे गेलो. हृदयाचा आलेख चांगला निघाला. मग त्यांनी स्पायरोमेट्री करावयास सांगितली. आपल्यापैकी ज्यांनी ही चाचणी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाकाला चिमटा लावतात, तोंडात एक नळी देतात. छाती पूर्ण भरून श्वास घ्यायचा आणि एकदम, सर्व जोर लावून, नळीत फुंकायचे. एकदा फुंकून भागत नाही, हवा संपेपर्यंत किमान सहा सेकंद फुंकत राहायचे. शेजारचा माणूस "फुंका, फुंका, अजून फुंका" असे ओरडत असतो. हे तीन वेळा तरी करावे लागते. यंत्र दोन आकडे मुख्यतः पाहते. एकूण किती हवा बाहेर आली हा एक, आणि त्यातली पहिल्या एका सेकंदात किती आली हा दुसरा. पहिल्या आकड्यावरून भात्याचा आकार कळतो, दुसऱ्यावरून भात्याच्या नळीत अडथळा आहे की नाही ते कळते. निरोगी प्रौढ माणसाची साधारण सत्तर ते ऐंशी टक्के हवा पहिल्या सेकंदातच बाहेर पडते.

फुंकण्यापूर्वी आमची उंची, वय आणि वजन लिहून घेतले. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९२ किलो. आम्ही विचारले, "दम मोजावयाचा तर उंची कशाला?" तंत्रज्ञ म्हणाला, "साहेब, उंचीशिवाय तुमचा हिशेबच लागत नाही. वजन मात्र हिशेबात धरत नाहीत." बँकेतल्या माणसाला हे चमत्कारिक वाटले. कोठल्याही अर्जावर उंची आणि वजन जोडीने येतात. मग एकाला मान आणि दुसऱ्याला नाही, असे का?

याचे उत्तर शोधताना एक जुनी हकीकत हाती लागली. जॉन हचिन्सन नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८४६ साली लंडनमध्ये श्वास मोजण्याच्या यंत्रावरील आपले काम प्रसिद्ध केले. पाण्यात उलटे ठेवलेले भांडे आणि त्यात फुंकण्याची नळी, असे ते साधे यंत्र होते. त्याने दोन हजारांहून अधिक माणसांची फुंकर मोजली. खलाशी, पोलीस, आग विझवणारे, पैलवान, गोरगरीब, श्रीमंत, ठेंगणे, उंच, असे सर्व प्रकारचे लोक त्यात होते. गंमत म्हणजे हा गृहस्थ आयुर्विमा कंपनीचाही डॉक्टर होता. कोणाचा विमा उतरवणे सुरक्षित, हे ठरवण्यासाठी या यंत्राचा उपयोग व्हावा असे त्याला वाटत होते. म्हणजे प्रारंभापासूनच या फुंकरीचा संबंध आमच्यासारख्या हिशेबी लोकांशी आला.

हचिन्सनला आढळले की, उंची वाढते तसा दम सरळ रेषेत वाढतो. दर इंच उंचीमागे ८ घन इंच, म्हणजे आजच्या मापात सुमारे १३० मिलिलिटर हवा अधिक. वजनाचा मात्र असा सरळ हिशेब त्याला सापडला नाही. उलट, एका मर्यादेपलीकडे वजन वाढले की दम कमी होऊ लागतो, असे त्याला दिसले. पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, यंत्रे बदलली, पण हे मूळ निरीक्षण टिकले आहे. आजही माणसाचा अपेक्षित दम काढताना वय, लिंग आणि उंची ही तीन मापे धरतात.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. फुप्फुसे बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. पिंजरा वाढतो तो हाडांच्या वाढीबरोबर, आणि फुप्फुसांची वाढही साधारण विशी-पंचविशीपर्यंत होते. त्यानंतर अंगावर कितीही मांस चढले तरी पिंजरा वाढत नाही. कणगी बांधून झाल्यावर तिच्यावर कितीही पोती रचली म्हणून कणगीत धान्य जास्त मावत नाही. उलट पोत्यांच्या भाराने कणगी दबते. पंचविशीनंतर तर उतारच सुरू होतो. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसाचीही पहिल्या सेकंदाची हवा दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. तरुणपणी भाता मोठा असेल तर हा उतार म्हातारपणापर्यंत जाणवत नाही. भाता मुळात लहान राहिला असेल तर लवकर जाणवतो.

आता आमच्या वजनाने आमच्या दमाचे काय केले, ते बँकेच्या भाषेत सांगतो. फुप्फुसातली हवा ही खात्यातली शिल्लक समजा. स्वस्थ बसलेला माणूस एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. ही रोजची देवघेव. कितीही जोराने फुंकले तरी लिटरभराहून थोडी अधिक हवा फुप्फुसात राहतेच. ती काढता येत नाही. हिला मिनिमम बॅलन्स म्हणा. साधा श्वास सोडल्यानंतर या मिनिमम बॅलन्सच्या वर जी हवा उरते, तो आपला राखीव पैसा. लठ्ठपणात प्रथम आणि सर्वांत जास्त आटतो तो हा राखीव पैसा.

हे असे घडते. फुप्फुसांच्या खाली श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा असतो. श्वास घेताना तो खाली सरकतो. पोटात चरबी साठली की तो वर ढकलला जातो आणि खाली सरकण्यास जोर लागतो. छातीवरच्या चरबीचे ओझे बरगड्यांनाही उचलावे लागते. त्यामुळे माणूस कमी शिल्लकेवर श्वास घेऊ लागतो. फुप्फुसाच्या तळाकडील बारीक नळ्या मिटू लागतात. तेथे रक्त येते पण हवा पुरेशी पोचत नाही. आडवे झाल्यावर पोटाचा भार आणखी छातीकडे येतो, म्हणून जाड माणसाला उताणे झोपल्यावर अधिक कोंडल्यासारखे होते. काहींचा झोपेत घसा मिटून श्वास थांबतो, पुन्हा दचकून सुरू होतो. ज्यांच्या घोरण्याची आपण चेष्टा करतो, त्यांच्यापैकी काहींना हा विकार असतो. फार लठ्ठ माणसांपैकी काहींच्या रक्तात जागेपणीही कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. अमेरिकेतील डॉक्टरांनी १९५६ साली अशा विकाराला डिकन्सच्या कादंबरीतल्या सदा पेंगणाऱ्या लठ्ठ पोराची आठवण होऊन 'पिकविक'चे नाव दिले होते.

आमच्या चाचणीचा निकाल मात्र तितका भयंकर नव्हता. एकूण हवा अपेक्षेच्या ८४ टक्के. पहिल्या सेकंदाचे प्रमाण ८२ टक्के, म्हणजे नळ्या मोकळ्या. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्हाला दमा नाही. तुमच्या उंचीला साधारण ६५ किलो वजन पुरे. तुम्ही वर २७ किलो घेऊन गड चढत होता. तांदळाचा कट्टा पाठीवर घेऊन चढून पाहा, कोणालाही धाप लागेल." आम्हांस ताकवाल्या मावशींची कळशी आठवली. त्यांचे ओझे डोक्यावर होते आणि वर गेल्यावर उतरत होते. आमचे उतरत नव्हते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. वजन भागिले उंचीचा वर्ग, असा जो निर्देशांक आपण बी. एम. आय. या नावाने ऐकतो, त्यावरून सर्व काही कळते असे नाही. पैलवानाचा निर्देशांकही जास्त येतो, पण त्याचे वजन स्नायूंचे असते. दमाच्या बाबतीत चरबी कोठे आहे याला फार महत्त्व आहे. मांडीवरच्या चरबीपेक्षा पोटावरची आणि छातीवरची चरबी श्वासाला अधिक नडते. म्हणून कंबरेचे माप वजनापेक्षा उपयोगी. आपल्याकडे पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. घरी टेप नसेल तर आपल्या उंचीएवढा दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि कंबरेभोवती धरून पाहा. टोके जुळली नाहीत, तर पोट वाढले असे समजा.

आपल्या लोकांबद्दल याच संदर्भात पुण्यातच मोठे काम झालेले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. त्या माता सरासरीने सुमारे १५२ सेंटिमीटर उंच आणि गरोदरपणापूर्वी ४२ किलोच्या आसपास वजनाच्या होत्या. त्यांची बाळे सुमारे २.७ किलोची. इंग्लंडमधील बाळांशी तुलना करता ती सर्व मापांत लहान होती, पण चरबीत तितकी लहान नव्हती. स्नायू कमी, चरबी टिकलेली. या अवस्थेला त्यांनी 'बारीक तरी लठ्ठ' अशा अर्थाचे नाव दिले. २००४ साली डॉ. याज्ञिक यांनी स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्रच 'लॅन्सेट' नियतकालिकात छापले. दोघांचा बी. एम. आय. अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा काट्यावरचा आकडा पाहून निर्धास्त होणे आपल्याला परवडणारे नाही.

बंधूंनो, येथवर आमच्या पोटाची कथा झाली. ती ऐकून आपण हसलात, हे चांगलेच झाले. आता आईची सांगतो.

आम्ही दुसऱ्या तपासणीला गेलो तेव्हा आई डोळ्यांच्या कामासाठी पुण्यास आलेली होती, म्हणून बरोबर होती. बाहेर बाकावर बसल्या बसल्या तिला खोकल्याची उबळ आली. डॉक्टरबाई दारातून पाहत होत्या. त्यांनी विचारले, "आजी, किती दिवसांचा खोकला?" आई म्हणाली, "दिवस कशाचं, आता वरसं झाली. म्हातारपन हाय." बाईंनी विचारले, "विडी, तंबाखू?" आईने मानेनेच नाही म्हटले. "चूल?" आई हसली. "चूल न्हाई तर मंग काय?"

तिलाही फुंकावयास बसवले. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीया? पोराला तपासा, त्यो जाडा झालाय." बळेच बसवले. उंची १४७ सेंटिमीटर, वजन ३७ किलो. तिसऱ्या खेपेला नीट फुंकर आली. एकूण हवा १.४ लिटर, पहिल्या सेकंदात ०.८. म्हणजे अवघी ५७ टक्के. औषधाचा फवारा देऊन पुन्हा मोजले, तरी फारसा फरक नाही. नळ्या कायमच्या आकुंचित झालेल्या. ज्याला सी. ओ. पी. डी. म्हणतात, तो विकार. विडीवाल्या पुरुषांचा समजला जाणारा रोग आमच्या आईला झाला होता आणि तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नव्हता.

आम्ही इतकी वर्षे काय समजत होतो? आई बारीक आहे, म्हणून अशक्त आहे, म्हणून तिला धाप लागते. तिला आम्ही टॉनिकच्या बाटल्या आणून देत होतो. दम लागणाऱ्या जाड मुलाला तीन डॉक्टर दाखवले आणि दम लागणाऱ्या बारीक आईला एकही नाही. दोघांची धाप वरून सारखी. माझे वजन काट्यावर दिसत होते. तिच्या छातीत काय साठले ते काट्यावर दिसणारे नव्हते.

कमी वजन हेही फुप्फुसांच्या दृष्टीने चांगले नाही, हे त्या वेळी कळले. श्वास घेणे हे स्नायूंचे काम आहे. उपासमारीने जसे हातापायांचे मांस झडते तसे श्वासपटलाचेही झडते आणि फुंकरीतला जोर जातो. उलट या रोगात श्वास घेण्यासाठीच इतकी शक्ती खर्ची पडते की खाल्लेले अंगी लागत नाही. जेवताना धाप लागते म्हणून माणूस कमी खातो. असे एकातून दुसरे आणि दुसऱ्यातून पहिले वाढत जाते. १८.५ च्या खालचा बी. एम. आय. हा कमी समजतात. आईचा १७.१ होता. दमाच्या बाबतीत वजनाची दोन्ही टोके वाईट, मधला मार्ग बरा. मध्यम मार्गाची महती या सभेला आम्ही सांगावी असे नाही.

आता धुराविषयी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी इंग्लंडचे डॉ. बार्न्स यांच्यासह २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सी. ओ. पी. डी.वर लेख लिहिला. जगात सुमारे १०० कोटी लोक तंबाखू ओढतात, पण लाकूड, गोवऱ्या यांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. म्हणजे जगाचा हिशेब केला तर या रोगाचे सर्वांत मोठे कारण चूल असू शकेल. आपल्या भागात पावसाळ्यात ओली लाकडे, उन्हाळ्यात भातासाठी राब भाजणे, आणि कौलारू घरात धूर जाण्यास वाट नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, आमच्याही घरी सिलिंडर आला. पण त्यावर चहा होतो, भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच. गॅस महाग, लाकूड फुकट. फुकट लाकडाची किंमत कोण मोजते, ते आम्ही त्या यंत्राच्या कागदावर पाहिले.

याच कागदाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. यंत्रात उंची, वय यांबरोबर 'वंश' असाही एक रकाना होता. विचारता कळले की, गोऱ्या लोकांच्या मापांवरून काढलेला अपेक्षित आकडा आपल्यासाठी काही टक्क्यांनी कमी करून धरतात. याचा इतिहास स्वच्छ नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील कार्टराइट नावाच्या गुलामगिरीसमर्थक डॉक्टरने याच प्रकारच्या यंत्राने मोजून काळ्या गुलामांचा दम निसर्गतः कमी असतो असे प्रतिपादन केले आणि सक्तीची मेहनत त्यांना हितकर आहे असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष गेला, पण वंशानुसार वजावट करण्याची रीत मागे राहिली. २०२३ साली अमेरिकेच्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वंश न विचारता सर्वांना एकच मापदंड लावावा अशी शिफारस केली.

दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. आपल्या लोकांचे आकडे कमी येतात हे खरे आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या १७ देशांच्या एका अभ्यासात वय, उंची यांचा हिशेब करूनही दक्षिण आशियातील लोकांची पहिल्या सेकंदाची हवा युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळली. मुंबईचे डॉ. कामत, डॉ. उदवाडिया यांसारख्या नामवंतांनी भारतीयांची स्वतंत्र मापे काढली, ती परकी मापे आपल्यावर लादली जाऊ नयेत आणि निरोगी माणसावर रोगी असा शिक्का बसू नये या योग्य हेतूने. उंची सारखी असूनही कोणाचे पाय लांब आणि धड आखूड असते, तेव्हा छातीच लहान भरते, हेही खरे. तथापि सगळी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही. आईच्या पोटातली उपासमार, बालपणीची खोकल्या-तापाची दुखणी, धूर, धूळ यांनी जर भाता लहान राहिला असेल, तर त्याला 'यांच्यात असेच असते' म्हणणे म्हणजे गरिबीला रक्ताचे नाव देणे होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात नाकाडोक्यांच्या मापांचेच आकडे घेऊन अस्पृश्यतेच्या मुळाशी वंशभेद आहे ही कल्पना खोडून काढली होती. माप वाईट नसते. मापाचा अर्थ कोण आणि कसा लावतो, हे पाहावे लागते.

उंची हीदेखील निव्वळ निसर्गाची देणगी नाही. आईवडिलांकडून जेवढी मिळू शकते तेवढी उंची गाठण्यास पहिली काही वर्षे पोटभर आणि चौरस अन्न लागते. ते मिळाले नाही तर उंची खुंटते आणि उंचीबरोबर छातीचा पिंजराही. तेव्हा लहान मुलाच्या ताटातले अंडे आणि डाळ हे त्याच्या साठाव्या वर्षीच्या श्वासाचे भांडवल आहे, असे आम्ही बँकवाल्याच्या भाषेत म्हणू.

पुढे काय झाले हे थोडक्यात सांगतो. आम्ही वर्षभरात १० किलो वजन उतरवले. काही मोठे तप केले नाही. संध्याकाळचा वडापाव आणि गोड चहा सोडला, बँकेपासून दोन थांबे आधी उतरून चालू लागलो. वजन ८२ म्हणजे अजून जास्तच आहे, पण जिना चढून गेल्यावर आता बोलता येते. वजनामुळे आटलेला दम वजन उतरले की बऱ्याच अंशी परत येतो, हा या प्रकारातला दिलासा.

आईचे तसे नाही. आकुंचन पावलेल्या नळ्या पूर्ववत होत नाहीत. तिला ओढण्याचे औषध दिले आहे, ते ती आता नेमाने घेते. 'एकदा पंप लागला की सवय लागते' हा गावातला समज तिनेही बरेच दिवस धरला होता. ते औषध थेट छातीत पोचते आणि गोळीपेक्षा फारच थोड्या मात्रेत काम करते, हे समजावण्यास दोन महिने गेले. भाकरी आता गॅसवर होते. दिवसाकाठी दोन अंडी, शेंगदाणे, आणि थोडे थोडे पण पुष्कळ वेळा जेवण. तिचे वजन ३७ वरून ३९ झाले. आमचे दहा उतरले त्यापेक्षा तिचे हे दोन चढले याचा आनंद आम्हांस अधिक आहे. एके दिवशी ती म्हणाली, "तवाच का न्हाई फुंकाय लावलंस?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, पुढच्या वर्षीच्या मेळाव्यात रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबर फुंकरीची तपासणीही ठेवावी आणि तिच्यात चाळिशीपुढच्या, चुलीपाशी आयुष्य गेलेल्या स्त्रियांना प्रथम बसवावे. त्या स्वतःहून येणार नाहीत, त्यांना हात धरून आणावे लागेल. दुसरी, ज्या घरांत चूल राहणारच आहे तेथे धूर बाहेर काढणारे धुराडे बसवण्यास मंडळाच्या निधीतून हातभार लावावा आणि लहान मुलाला कडेवर घेऊन कोणी चुलीपुढे बसू नये. तिसरी, शहरातल्या आमच्यासारख्यांनी कंबरेभोवती तो दुमडलेला दोरा आजच धरून पाहावा.

आपल्याकडे श्वासाकडे लक्ष देण्याची शिकवण जुनी आहे. विहारात डोळे मिटून आपण आपला श्वास पाहतो. आमची विनंती एवढीच की घरी गेल्यावर डोळे उघडे ठेवून शेजारच्या माणसाचाही पाहावा. पाण्याचा हंडा उतरवल्यावर आईला किती वेळ बोलता येत नाही, बोलताना वाक्य मध्येच तुटते काय, रात्री ती किती उशा घेऊन झोपते, एवढे पाहण्यास यंत्र लागत नाही. आम्हीही ते पाहू शकत होतो.

उद्या सकाळी मुलांबरोबर पाली दरवाजाला पुन्हा जाण्याचे आम्ही ठरवले आहे. वाटेत बसावे लागले तर आपण हसावे, आमची हरकत नाही. आई येणार नाही. ती खाली ओट्यावर बसून आमची वाट पाहील, आणि आम्ही परत आल्यावर तिच्या पुढ्यात चूल नसेल.

 जयभीम! नमो बुद्धाय!